चेस्टनटची केबिन आणि माझी झाडलोट

"माझं काम बघायला या," हे म्हणायला आमच्या लेकीने चार वर्षं लावली, त्यामुळे आम्ही हो म्हणायला चार सेकंदही लावले नाहीत. ईरा इथेच, अमेरिकेतल्या कॅरी गावात वाढली आणि आता डोंगरातल्या एका पार्कमध्ये जुन्या लाकडी इमारती दुरुस्त करते. शुक्रवारी धपाटे, लसणाची चटणी आणि दह्याचा डबा घेऊन मी आणि माझा नवरा श्रीकांत निघालो.

आय-फॉर्टी महामार्गाने पश्चिमेला साधारण चार तास. शेवटचे नऊ मैल खडीचा रस्ता आहे, छोटी गाडी असेल तर सावकाश घ्या. वाटेत एका टपरीवर मिठात उकडलेल्या शेंगा मिळतात, पाच डॉलरला मोठी पिशवी. त्या नक्की घ्या. आमच्या तर मोटेल येईपर्यंत संपल्या.

शनिवारी सकाळी सातला ईराबरोबर चालायला लागलो. चार मैल, तीन ओढे आणि पूल फक्त एकावर, म्हणजे जादा मोजे हवेतच. दुसऱ्या ओढ्यापाशी ईराने खरी गोष्ट सांगितली.

"दोन केबिन आहेत, बाबा. या वर्षी एकच रिपेअर होणार. दुसरी दे विल जस्ट लेट गो."

"म्हणजे?"

"पडू देणार."

त्या दुपारी तिची वरिष्ठ, डॉना, पाहणीला येणार होती. ईराचा अहवाल पटला तर आम्ही बघायला निघालो होतो ती केबिन राहणार होती.

झाडीतून बाहेर आलो आणि केबिन दिसली. एकच खोली, वर माळा. पण ओंडके बघा! सगळे अमेरिकन चेस्टनटचे. रोग पडून ही मोठी झाडं जंगलातून गेली, त्यामुळे असं लाकूड आता कितीही पैसे मोजले तरी मिळत नाही. कोपऱ्यांत ओंडके एकमेकांत खाच पाडून बसवलेले, खिळा एकही नाही. ईरा त्या खाचांवरून बोट फिरवत सांगत होती आणि मला तिचा इतका अभिमान वाटला की श्रीकांतच्या डोळ्यांकडे बघायचं मी टाळलं. केबिन बांधण्याआधी ही जमीन इथल्या मूळ रहिवाशांची, चेरोकी लोकांची होती, हेही तिने अहवालात लिहिलं होतं.

मग ती डॉनाला आणायला खालच्या ओढ्यापर्यंत गेली. जाताना म्हणाली, "आई, भिंतींना हात नको हं लावू."

भिंतींना मी हात लावला नाही. पण जमीन! भिंतीकडेने मातीची ढेकळं पडलेली आणि तासाभरात पाहुणी येणार. मी फांद्यांचा झाडू केला, खोली लख्ख झाडली आणि ढेकळं उतारावर नेचांमध्ये फेकून दिली. श्रीकांतने पाय वर घेऊन सहकार्य केलं.

ईरा दारात थबकली, मागे डॉना. "आई, माती कुठेय?"

ओंडक्यांमधल्या फटींत भरलेली ती मूळ माती होती. प्रत्येक ढेकूळ ज्या फटीतून पडलं, तिच्याच खाली तिने राखून ठेवलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता ही डॉनाला काय सांगणार? मी म्हणाले, "सांग, आधीच पडून गेली म्हणून."

ईराने वळून डॉनाला इंग्रजीत सरळ सांगितलं, "नमुने माझ्या आईने झाडून टाकले. आता ते मूळ बांधणीचा पुरावा म्हणून धरता येणार नाहीत."

डॉनाने वहीत काहीतरी लिहिलं. तिच्याशेजारी उभ्या आमच्या पोरीची मान मात्र ताठ होती.

मी काटोलची. लग्नाआधी घराच्या भिंती मी स्वतः लिंपल्या आहेत. पावसाने धुतली न जाणारी जागा मला माहीत होती. मी विचारलं, "ईरा, वळचणीखाली बघितलंस का? तिथे पाणी पोहोचत नाही."

तिथे नंतर कोणीतरी फळी ठोकली होती. डॉनाने काढायची परवानगी दिली. ईरा माळ्यावर चढली, पाच मिनिटं नुसता कुरकुर आवाज, मग एकदम, "ओह माय गॉड, आई!"

हातभर लांबीची माती फटीत जशीच्या तशी होती. त्यात गवताच्या काड्या आणि वर दाबलेल्या चार बोटांचे ठसे. डॉनाही वर चढली आणि बराच वेळ बॅटरी धरून बघत राहिली. खाली उतरल्यावर तिने दोन धपाटे मागून घेतले, पण निर्णय नंतरच कळेल म्हणाली.

रविवारी परतलो. पाय आठवडाभर दुखले. तीन आठवड्यांनी ईराचा फोन आला: "आई, इट्स स्टेइंग!" दुरुस्ती वसंतात सुरू होणार. फोन ठेवल्यावर श्रीकांतने शेजारच्या काकूंना, ऑफिसातल्या मित्रांना, सगळ्यांना कळवलं.

ईराने अहवालही पाठवला. मातीच्या पानावर दोन वाक्यं एकाखाली एक आहेत. पडलेले नमुने लेखिकेच्या आईने हलवले. मूळ माती शिल्लक असलेली जागा लेखिकेच्या आईने सुचवली. माझं नाव कुठेच नाही, नुसतं "लेखिकेची आई". ते पान मी छापून घेतलंय.