गोळीतला उजेड

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. वेबसाइटवरच्या ज्या बटणाच्या चित्रामुळे मी नोकरीत कायम झालो, ते मी काढलेलं नव्हतं.

नाशकातल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात तेव्हा वेबसाइटची कामं नुकतीच येऊ लागली होती. स्क्रीनवर काचेसारखं चकाकणारं बटण ज्याला काढायला जमेल, त्या एकालाच मालक ठेवणार होते. शेजारच्या टेबलावर हरसूलचा एकजण बसायचा. लिमलेटची गोळी खिडकीशी धरून, एक डोळा मिटून बघायचा. "वरची चकाकी कुणीबी देईल, भाऊ. उजेड आत शिरून खाली साठतो, तो कुणी काढत नाय." मनासारखं झालं नाही की पुसून पुन्हा काढायचा. आठवडाभर हेच.

एकदा तो जेवायला गेला असताना मी त्याची फाइल माझी म्हणून मालकांना दाखवली. तो परतला तेव्हा मालक माझी पाठ थोपटत होते. त्यानं स्क्रीनवरच्या आपल्या बटणाकडे पाहिलं. "खालचा उजेड अजून कमी हाय, भाऊ. वाढवा." एवढंच बोलला आणि नवी गोळी घेऊन खिडकीशी गेला.

महिनाअखेरीस त्याला कामावरून कमी केलं. मी कायम झालो.

मालक आता थकलेत. उद्या सकाळी मी त्यांच्याकडे जाणार आहे. ते बटण त्याचं होतं, एवढं सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.