मऊ आणि कडक यांच्या मधलं

वाळूजच्या कारखान्यात लागले तेव्हा माझं काम तोडण्याचं होतं. इंजिनाखाली बसणारी माउंटिंगं आमच्याकडं व्हायची, म्हणजे लोखंडी पट्टीवर पक्कं बसवलेलं रबर. प्रत्येक लॉटमधली थोडी मशिनवर ताणून तोडायची. रबर स्वतः फाटलं तर माल चांगला, लोखंडावरून स्वच्छ सुटून आलं तर अख्खा लॉट बाजूला. हे मला शिकवलं आमच्या सुपरवायझरनं. सिल्लोडचे, निवृत्तीला आलेले. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो.

त्याच वर्षी वडिलांचा पाय गेला. ते वेरूळच्या लेण्यांत गाइड होते. अपघातानंतर डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कृत्रिम पाय मिळाला, पण महिन्याभरात तो कोपऱ्यात उभा राहू लागला. विचारलं की म्हणायचे, "कंटाळा येतो." एकदा धुण्यात त्यांचा कापलेल्या पायावर चढवायचा मोजा हाती आला, रक्तानं कडक झालेला. कृत्रिम पायाची टणक वाटी, उरलेला पाय जिच्यात बसतो ती, नडगीच्या टोकाला घासत होती, आणि वडील आत धोतराच्या चिंध्या कोंबून गप्प बसले होते.

जेवणाच्या सुट्टीत मी चाचांना सांगितलं. त्यांनी डब्यातली मटणाची नळी उचलली. "हाडाला धरलेली ही पांढरी शीर बघ बेटी. मासाकडं मऊ, हाडाकडं येता येता कडक होत जाती. म्हणून सुटत नाय. तुझ्या वडलांच्या पायात हे मधलंच नाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी रजा टाकली आणि वडिलांना पाय बनवणाऱ्या केंद्रात नेलं. वडील वैतागलेले. "माझा पाय कारखान्यात चर्चेला कशाला?"

चाचा म्हणाले, "भाईसाहेब, आम्ही रोज तोडतोच की. एखादं जोडून बघू द्या."

तिथल्या कारागिरानं चाचांचं म्हणणं ऐकून घेतलं, पण आधी जखम भरू दिली. मग नवी वाटी केली. आत मऊ थर, त्यामागं जरा घट्ट, मग कडक. हाडाच्या टोकाला मोकळी जागा.

"दुखत होतं तर सांगायचं ना काका," तो म्हणाला.

वडील फरशीकडं बघत बोलले, "घरात आधीच लई झालं होतं."

थंडीत ते पुन्हा वेरूळला उभे राहिले. पहिले पर्यटक म्हणून मी आणि चाचाच गेलो. आम्ही अनोळखी असल्यासारखी त्यांनी सगळी माहिती दिली, त्याच जुन्या भरदार आवाजात. तो आवाज मी कितीतरी महिन्यांनी ऐकत होते. पायऱ्यांवर चाचांना धाप लागली, ते टेकले. वडील चार पायऱ्या वरून वळले.

"या सावकाश," ते म्हणाले. "मी थांबतो."