तारप्याला पाठ

माझा गळा घरात उत्तम चालायचा. भाकऱ्या थापताना, विहिरीवर, न्हाणीघरात तर फारच. चारचौघांत मात्र तोंड उघडलं की घशाला कुलूप. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात मला बघायला आलेल्या मंडळींनी एकदा गाण्याची फर्माईश केली, आणि मी पहिल्या ओळीच्या मध्यावर अशी अडकले की वडिलांनी घाईघाईने पोह्यांच्या बश्या पुढे केल्या. ते स्थळ गेलं. त्याचं मला काही वाटलं नाही, मुलगा तसाही नाकात बोलायचा. पण गाणं अर्धं राहिलं, ते टोचत राहिलं.

साठच्या दशकात सिल्वासाच्या मराठी शाळेत मास्तरीण म्हणून आले ती ही टोचणी बरोबर घेऊनच. वर्गात कविता चालीवर म्हणताना माझं काही अडत नसे. पोरं ऐकतात कुठे, ती खोड्या काढत असतात. अडायचं ते मोठ्या माणसांसमोर, जी हाताची घडी घालून ऐकतात आणि मग मान हलवतात. ती मान उभी हलणार की आडवी, ह्या विचारानेच माझी बोबडी वळायची.

शाळा सुटली की ओसरीवर आम्हा मुंबई-कोकणातून आलेल्यांचा अड्डा जमे. त्यात एक गोव्याचे गृहस्थ होते, कचेरीतले दुभाषी. पोर्तुगीज गेले, पण जमिनीचे कागद त्यांच्याच भाषेत मागे राहिले, म्हणून हेही राहिले. येताना फिडल आणायचे आणि हनुवटीखाली धरून डोळे मिटून वाजवायचे. असंच एकदा ऐकता ऐकता मी बोलून गेले, "एकदा, फक्त एकदा, लोकांसमोर अख्खं गाणं म्हणता यावं. त्यासाठी वाट्टेल ते द्यायला तयार आहे मी."

त्यांनी फिडल खाली ठेवलं. "वाट्टेल ते म्हणू नको, बाय. तो आयकता."

"कोण?"

"सैतान."

मग त्यांनी लहानपणी चर्चच्या आवारात ऐकलेली गोष्ट सांगितली. एका वादकाला हवा तसा सूर सापडत नव्हता. तेव्हा चांगला कोट घातलेला एक गोड बोलणारा माणूस आला आणि म्हणाला, सूर मी देतो, तू तुझा आत्मा लिहून दे. वादकाने रक्ताने सही केली. पुढे तो असा वाजवायला लागला की बायका मूर्च्छित पडत. मुदत संपली तेव्हा कोटवाला दारात हजर. दुभाषी म्हणाले, त्यांच्या गावात कुणीही जरा बरं वाजवलं की म्हाताऱ्या लगेच त्याच्या पायांकडे बघत, सैतानासारखे खूर फुटलेत का ते.

मला हसू आलं, आणि थोडा रागही. आमच्या गावातही हेच. मृदंगवाल्याचा हात चांगला पडला की म्हणायचं, ह्याला वेताळ प्रसन्न आहे. दुसऱ्याने वर्षानुवर्षं बोटं झिजवली हे कबूल करणं लोकांच्या जिवावर येतं. त्यापेक्षा भूत परवडलं! आणि तरी खरं सांगते, त्या दिवशी घरी जाताना मी मागे वळून बघत होते, कुणी कोटवाला येतोय का. आला असता तर मी फार घासाघीस केली नसती.

अड्ड्यावर बसलेल्या आमच्या हेडमास्तरांना ह्या गोष्टीचं नाटक करायची सुरसुरी आली. दिवाळीनंतर शाळेच्या पटांगणात काहीतरी करायचंच होतं. सैतानाचं काम ते स्वतः करणार, आणि वादकाऐवजी गळा नसलेली गायिका घालून तिचं काम मी. मी नको नको म्हटलं, पण ते माझं तोंडदेखलं होतं हे सगळ्यांनी ओळखलं.

तालमींपेक्षा भांडणंच जास्त रंगली. हेडमास्तरांना गदा आणि मिशा हव्या होत्या, सैतान म्हणजे राक्षसच ना! दुभाषी म्हणत, सैतान सभ्य दिसला पाहिजे, नाहीतर त्याच्याशी सौदा करील कोण? शेवटी दुभाष्यांच्या लग्नातला कोट आणि हेडमास्तरांच्या मिशा अशी तडजोड झाली. दुसरं भांडण आत्म्याचं. हेडमास्तर म्हणाले, "आपला आत्मा जळत नाही की भिजत नाही. तो नेऊन हा बिचारा करणार काय? आमचा वेशीवरचा देवचार बरा, एका कोंबड्यावर खूश." शेवटावर तर एकमत झालंच नाही. गायिका मरण्याआधी एक गाणं म्हणते इथपर्यंत ठीक होतं. पुढे देवाने येऊन तिला सोडवावं असं हेडमास्तरांचं म्हणणं, तर दुभाष्यांचं म्हणणं, "सौदो म्हणजे सौदो. ती गेलीच पाहिजे." मला शेवटाशी काही देणंघेणं नव्हतं. माझा जीव त्या गाण्यात अडकला होता. तालमीला चारच माणसं समोर असत, तरी मी रोज दुसऱ्या कडव्याला गळपटायचे. हेडमास्तर म्हणायचे, "बाई, त्या दिवशी होईल." त्यांचा तो 'होईल' ऐकून मला रडू यायचं.

शेवटच्या प्रवेशात सैतान येताना मागे तारपा वाजवायचा, ही कल्पना हेडमास्तरांची. तारपा म्हणजे इथल्या वारल्यांचं वाद्य, वाळलेल्या भोपळ्याचं, हातभर लांब, फुंकलं की सगळं रान घुमतं. जवळच्या अथाल गावचा एक म्हातारा तारपा वाजवण्यात नावाजलेला होता. तो यायला तयार झाला, पण तालमीला नाही. नवं भात देवाला दाखवल्याशिवाय तारपा फुंकायचा नसतो. आणि एकटा येणार नाही म्हणाला. "तारपा वाजंल नि कोन नाचनार नाय, आसा कसा?" हेडमास्तर खूश झाले. नाचणारे म्हणजे सैतानाचे गण! त्यांनी मनातल्या मनात जागाही ठरवल्या. तारपावाला मागे पडद्याला टेकून, त्याच्या पुढे रांगेत गण, आणि सर्वांपुढे मी. कागदावर सुरेख दिसत होतं.

नाटक भर उजेडात, चार वाजता ठेवलं होतं. भातकापणीच्या दिवसांत बत्ती लावली की इतके किडे येतात की नटाच्या तोंडात जातात. पण त्यामुळे मला समोरचा प्रत्येक चेहरा दिसत होता. पुढच्या खुर्च्यांवर कचेरीतले साहेब, त्यांच्या बायका, मागे पालक, झाडावर पोरं. आणि सगळ्या मोठ्या माणसांनी हाताची घडी घातलेली.

पहिला अंक उत्तम गेला. त्यात मला गाता येत नाही असंच दाखवायचं होतं. ते मी इतकं मनापासून केलं की टाळ्या पडल्या. सौदाही झाला. हेडमास्तर कोटात घामाघूम झाले होते, पण गोड बोलले. मग आला शेवटचा प्रवेश. मी पुढे येऊन उभी राहिले. गाण्याची पहिली ओळ डोक्यातून साफ पुसली गेली. पोह्यांची बशी पुढे करायला वडीलही नव्हते.

तेवढ्यात मागे तारपा सुरू झाला.

गण एकमेकांच्या कमरेत हात घालून उभे होते. तारप्याचा पहिला घुमार उठला आणि ती सगळी साखळी एकदम फिरली. तोंडं तारप्याकडे, पाठी प्रेक्षकांकडे. लोक ओरडले, "अरे, इकडे बघा, इकडे!" कुणी बघेना. हेडमास्तर विंगेतून हात पसरून, डोळे वटारून पुढे आले आणि लोकांकडे बघून गडगडाटी हसले. साखळीच्या टोकाला एक म्हातारी होती. तिने सैतानाला कोपरखळी मारली.

"तारप्याला पाठ नाय दावायची!"

आणि त्यांच्या कमरेत हात घालून तिने त्यांना गर्रकन फिरवलं. हेडमास्तरांचे "अहो, अहो" तारप्यात बुडाले. दोन पावलं त्यांनी लटपटत टाकली, तिसरं मात्र बरोबर तालात पडलं. लोक हसून हसून खुर्च्यांवर कलंडत होते. म्हातारीने मग दुसरा हात माझ्याकडे टाकला. "बाय, तूपन." मीही फिरले.

आता माझ्यासमोर एकही मान नव्हती. एक म्हातारा होता, फुगलेले गाल, मिटलेले डोळे आणि तो भोपळा. तारपा सारखा एकाच सुरात घुमत होता, आणि त्या सुरावर पाय ठेवून उभं राहता येईल असं मला वाटलं. पहिली ओळ आली. कुठून आली कोण जाणे, पण आली. मग दुसरी. दुभाष्यांनी विंगेतून फिडलवर मला साथ धरली. रोज जिथे गळपटायचे ते कडवं कधी मागे पडलं ते कळलंही नाही. माझ्या एका बाजूला म्हातारी, पलीकडे सैतान, सगळे एका पावलाने, आणि मी गात होते. मला इतका आनंद झाला होता की गाता गाता हसू फुटत होतं.

तारपावाला एका जागी थांबणारा नव्हताच. तो वाजवत वाजवत निघाला, रंगमंचाच्या फळीवरून पटांगणात उतरला आणि आमची साखळी त्याच्यामागे. वाटेत कुणी कुणी त्यात शिरत गेलं. साहेबांची बायको आली, झाडावरची पोरं उतरली. देव आला नाही, आणि सैतानाला आत्मा मागायला सवड झाली नाही. दुभाषी फिडल वाजवत ओरडले, "सौदो मोडलो रे!" ते नाराज दिसत नव्हते.

गाणं पुरं झालं. अख्खं. तारपाही थांबला. मी भानावर आले तेव्हा पटांगणाच्या मध्यभागी होते आणि चारी बाजूंना माणसं. कुणीतरी म्हणालं, "बाई, पुन्हा!" मग सगळेच म्हणायला लागले. मी तारपावाल्याकडे बघितलं. तो तोंड पुसत होता, त्याचा दम संपला होता.

"आता तारपा नाही," मी म्हातारीला हळूच म्हटलं.

"नाय ना?" ती म्हणाली. "मंग आता कुठंपन तोंड कर."

मी लोकांकडे वळले. काहींच्या हाताच्या घड्या अजून तशाच होत्या. हेडमास्तरांची एक मिशी सुटून कोटाला चिकटली होती. मी श्वास घेतला आणि तेच गाणं पहिल्यापासून पुन्हा म्हटलं.