व्हाइटफील्ड ते चामराजपेट, इंजिनाशिवाय

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या अण्णांइतका काळजी करणारा माणूस अख्ख्या बेंगळुरूत दुसरा नसेल, आणि असलाच तर अण्णांना त्याचीही काळजी लागलेली असणार. मी नोकरीसाठी पुण्याहून इथे आलो त्याला सहा वर्षं झाली. त्यांचं घराणं आलं त्याला साडेतीनशे तरी झाली असतील. अण्णांचा सगळा जन्म जुन्या शहरातल्या चामराजपेटेत गेला. लेक-जावई परदेशी गेल्यावर त्यांचा व्हाइटफील्डचा नवव्या मजल्यावरचा फ्लॅट सांभाळायला म्हणून ते आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या अक्का, इकडे राहायला आले. हे सांभाळणं अण्णांनी फारच मनावर घेतलं. खाली दूध आणायला जातानासुद्धा फ्लॅटचे सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून काखोटीला मारायचे. मधल्या दहा मिनिटांत आग लागली तर निदान कागद तरी वाचावेत! "अहो, पण अक्का वरच असतात ना?" असं मी एकदा म्हणून गेलो. दुसऱ्या दिवसापासून बिचाऱ्या अक्काही दुधाला जाऊ लागल्या.

रोज सकाळी त्यांचा मला फोन. "नळाला पाणी आहे का रे?" मी म्हणायचो, आहे. "आज आहे म्हणजे उद्या जाणार," असं म्हणून ते फोन ठेवायचे आणि मी उगाचच दोन बादल्या भरून ठेवायचो. मुहूर्त चुकू नये म्हणून एकदा ते अक्कांना घेऊन एका लग्नाला आदल्या दिवशीच कार्यालयात जाऊन बसले. तिथे भलत्याच कुणाचं तरी लग्न चाललं होतं. परत फिरणं बरं दिसलं नसतं म्हणून अण्णांनी अक्षता टाकल्या, जेवले, आणि नवऱ्या मुलाच्या काकांना जाताजाता विचारलं, "मुलाचं ब्लडप्रेशर तपासलंय ना?" अक्का हे सगळं हसत हसत सांगायच्या. त्यांचा आवाज इतका शांत की, या घरात दोघांच्या वाटणीची काळजी एकच माणूस करतो, दुसऱ्याला ती करावीच लागत नाही, असं मला वाटायचं.

शिवरात्रीच्या आधी चामराजपेटेतल्या ईश्वराच्या देवळापासून धर्मस्थळाला पायी जाणारी एक मंडळी निघते. अण्णा तरुणपणापासून त्या मंडळींतले. नवव्या दिवशी तिथल्या मंजुनाथाच्या, म्हणजे शंकराच्या, पायाशी पोचायचं, दर्शन घ्यायचं आणि मग बसने परत. गेल्या वर्षी मात्र अक्कांच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलं, आणि ते सुखरूप पार पडावं म्हणून अण्णांनी पदयात्रेचाच नवस बोलला. हॉस्पिटलने तारीख दिली. अण्णांनी निघायच्या दिवसापासून बोटं मोजली, तर ती नेमकी बाराव्या दिवशी येत होती. बारावा म्हटल्यावर त्यांनी तडक हॉस्पिटल गाठलं. पुढची तारीख मागितली तर तेरावा! शेवटी हातापाया पडून चौदाव्या दिवसाची मिळवली. ही एवढी एक गोष्ट सोडली तर ऑपरेशनबद्दल ते माझ्याशी चकार शब्द बोलले नाहीत. पाणी, गॅस, लिफ्टची केबल, यांबद्दलच बोलत राहिले, आणि नेहमीच्या दुप्पट.

निघायच्या दिवशी सकाळी साडेसहाला माझी बेल वाजली. दारात अण्णा. पाठीवर पिशवी, कपाळाला विभूती, उजव्या मनगटाला पिवळा दोरा, आणि चेहरा पांढराफटक. "घात झाला रे," म्हणाले.

झालं होतं असं. मंडळींतल्या प्रत्येकाला निघताना देवळात कंकण, म्हणजे हाच पिवळा दोरा, बांधतात. एकदा का ते हाताला बांधलं, की धर्मस्थळाला पोचेपर्यंत इंजिनाच्या कुठल्याही वाहनात पाय ठेवायचा नाही, असा तिथला कडक नेम. मागच्या खेपेला दोरे कमी पडले होते म्हणून अण्णांनी आपला दोरा आठवडाभर आधीच मागून आणला. तो हरवेल म्हणून उशाशी घेऊन झोपले. आणि तरीही देवळात गर्दीत बांधायचा राहून गेला तर, या धास्तीने आदल्या संध्याकाळी आंघोळ करून, देवापुढे बसून, अक्कांकडून तो बांधूनच घेतला. सकाळी टॅक्सी बोलवायला फोन हातात घेतला तेव्हा मनगटाकडे लक्ष गेलं. देऊळ पंचवीस किलोमीटर लांब, मंडळी दहाला निघणार, आणि यांचा नेम व्हाइटफील्डपासूनच सुरू झालेला.

"सोडून पुन्हा बांधा की," मी म्हणालो. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला. मेट्रोचं सुचवलं, "तिला इंजिन कुठे असतं? विजेवर चालते ती." तर म्हणाले, "वीज असली म्हणून काय झालं? आपण बसायचं आणि तिने न्यायचं, ते इंजिनच की रे." मग त्यांनी मंडळींच्या म्होरक्यांना फोन लावला. म्होरक्यांनी सगळं दोनदा विचारून घेतलं. मग आवाज आला, "सैकल सरी. स्वल्प बेगा बन्नि." सायकल चालेल, जरा लवकर या.

त्यांच्या लेकीची बास्केटवाली सायकल खाली पार्किंगमध्ये धूळ खात होती. माझीही एक महागडी सायकल होती. ती दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेली असे आणि येणारे-जाणारे तिचं कौतुक करत. अक्का दारात येऊन मला म्हणाल्या, "तू जा रे बरोबर. एकटे गेले तर प्रत्येक सिग्नलला उतरून मला फोन करतील." लिफ्टलाही मोटर असते, म्हणून अण्णा नऊ मजले जिन्याने उतरले. गॅस बंद आहे का ते पाहायला पुन्हा चढले. पुन्हा उतरले. आम्ही निघालो तेव्हा सव्वासात वाजले होते आणि माझा जीव आधीच टांगणीला लागला होता.

व्हाइटफील्डच्या त्या रस्त्यावर, ऑफिसच्या गाड्यांच्या आणि बसच्या मधून, अडुसष्ट वर्षांचे अण्णा घंटी वाजवत पुढे आणि मी मागे. "अण्णा, डावीकडे! अण्णा, बस!" असा मीच ओरडत होतो. आणि अण्णा? शांत. ज्या माणसाला घरबसल्या लिफ्टची केबल तुटताना दिसते, तो खऱ्याखुऱ्या बसच्या चाकाशेजारून मान ताठ ठेवून चालला होता. मारतहळ्ळीला चेन उतरली. अण्णांनी पिशवीतून हातमोजे काढले, स्क्रूड्रायव्हर काढला, दोन मिनिटांत चेन बसवली, वर मला ग्लुकोजची पूड दिली. "स्वल्प हळू चल रे, धाप लागलीय तुला," म्हणाले. आयुष्यभर त्यांनी ज्या तयाऱ्या केल्या होत्या त्यांतली एक तरी अखेर कामाला येत होती, आणि त्याचं त्यांना मनातून बरंच वाटत असावं.

डोमलूरच्या पुलाखाली माझी महागडी सायकल पंक्चर झाली. नऊ वाजून दहा मिनिटं. तिच्या चाकाला लागणारं सामान अण्णांच्या पिशवीतही नव्हतं. मी म्हणालो, "तुम्ही पुढे व्हा. मी रिक्षाने येतो." अण्णा एक पाय टेकून उभे राहिले. मला वाटलं, आता एकट्याने जायला घाबरतायत. पण ते मनगटावरचा दोरा चाचपत म्हणाले, "मंडळी थांबत नाहीत रे. मी नाही पोचलो तर तिचं..." आणि सायकलची घंटी उगाचच पुसली. पहिल्यांदाच मला कळलं, की पाणी आणि गॅस आणि केबल ही सगळी एकाच काळजीची सुटी नाणी होती. अख्खी नोट बाहेर काढायची त्यांची हिंमत नव्हती. "जा अण्णा," एवढंच म्हणालो. ते गेले. सिग्नलच्या गर्दीत त्यांची पाठीवरची पिशवी थोडा वेळ दिसत राहिली, मग तीही दिसेना.

पुढचा सव्वा तास मी विसरणार नाही. रिक्षात अर्धी आत अर्धी बाहेर सायकल, तिच्या हॅंडलखाली मी, आणि सगळं शहर जागच्या जागी ठप्प. शेजारून सायकलवाले सटासट पुढे जात होते. दर दोन मिनिटांनी मी अण्णांना फोन लावत होतो. ते उचलत नव्हते. धडकले असतील. चक्कर आली असेल. रस्ता चुकले असतील. "अर्जंटा सार?" रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं. मी म्हणालो, फार. त्याने समोरच्या लांबच लांब रांगेकडे पाहून मान हलवली आणि इंजिन बंद केलं.

देवळापाशी पोचलो तेव्हा साडेदहा होत आले होते. मंडळी गेलेली. रस्त्यावर फुलांच्या पाकळ्या आणि फोडलेल्या नारळांचं पाणी. मी भिंतीच्या कडेकडेने शोधत गेलो, आणि कोपऱ्यावरच्या फुलवालीच्या मागे ती बास्केटवाली सायकल उभी दिसली. दोन कुलुपं आणि एक साखळी घातलेली. मी विचारण्याआधीच फुलवाली म्हणाली, "अण्णा होदरु." गेले. सगळ्यांत पुढे होते म्हणे.

अक्कांचं ऑपरेशन चौदाव्या दिवशी व्यवस्थित पार पडलं, अण्णा तीन दिवस आधीच परत आले होते आणि डॉक्टरांना जेवढं बेजार करायचं तेवढं त्यांनी केलं, हे आत्ताच सांगून टाकतो. उगाच वाचणाऱ्यांच्या जिवाला घोर नको. पण मला आठवत राहतो तो देवळाच्या पायरीवरून अक्कांना केलेला फोन.

"पोचले?" त्यांनी विचारलं.

"पोचले अक्का. मंडळींबरोबर निघालेसुद्धा."

"नक्की निघाले ना? तू पाहिलंस?"

"सायकल इथे आहे, ते नाहीत."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग त्याच शांत आवाजात म्हणाल्या, "सरी. मग आता मी स्वल्प रडून घेते रे. ते घरात असले की मला घाबरताच येत नाही."

मी फोन ठेवला नाही. त्यांनीही ठेवला नाही.