चौकोनी अक्षरं आणि भिवाची मेंढरं

लवळ्यात आमच्या ओट्यावर किस्से कसे साचतात सांगू? घरमालक मी, वरच्या खोल्यांत कॉलेजची पोरं-पोरी, समोर बबनची चहाची टपरी. कोण ना कोण रोज काहीतरी करून ठेवतंच. आणि कुणी नाहीच केलं, तर मी आहेच! पण गेल्या वर्षभराचे झाडून सगळे किस्से एकाच पोरीपायी घडले. तन्वी तिचं नाव. सोलापूरची, डिझाईन शिकायला आलेली.

*

पहिल्याच दिवशी म्हणाली, "आबा, मी फॉन्ट बनवतेय. नवी अक्षरं."

मी सातवी नापास. तरी विचारलंच, "जुनी काय झिजली का गं?"

"जुन्या व्हिडिओ गेममध्ये असायची ना, चौकटी-चौकटीची? तशी मराठीत."

"गोल कायच न्हाई?"

"काहीच नाही."

"मग ळ कसा काढशील?"

पोरगी तडक वर गेली. त्या दिवशी जेवायलाही खाली आली नाही!

*

मग एकदा सकाळी वरच्या बाथरूमचं दार उघडेना. बाहेर बादल्या घेऊन पोरींची रांग. आमच्या कारभारणीने दार बडवलं, "आगं, चक्कर-बिक्कर आली का?"

आतून तन्वी ओरडली, "आजी, ळ जमला!"

दार उघडलं तर काय! भिंतीच्या बारक्या टाइल्सवर काळी चिकटपट्टी लावून अख्खी बाराखडी. आणि मधोमध ळ, ऐटीत.

कारभारीण बघत राहिली. म्हणाली, "ग्वाड हाय. पर आता ह्या पोरींनी आंघुळ कुटं करायची, गेममधी?"

ती भिंत मी अजून पुसू दिलेली नाही. पाहुणा आला की त्याला मुद्दाम हात धुवायला वर पाठवतो. खालचा नळ चालू असतो, तरी!

*

आमचे संपतराव भूगावला लोकांना प्लॉट दाखवत फिरतात. वाढदिवसाच्या फ्लेक्सला त्यांना नवी स्टाइल हवी होती. तन्वीने नाव चौकोनी अक्षरांत टाकलं. मी म्हटलं, "अक्षरं चौकोनी आन् तोंड गोल, शोभतंय का?" तिने फोटोच्याही चौकटी करून टाकल्या.

फ्लेक्स चौकात लागला. दुपारी संपतरावांना मेव्हण्याचा फोन, रडवेला. "दाजी, काय केलंत? टीव्हीवर आरोपीचं तोंड झाकत्यात तसं तुमचं झाकलंय!"

संपतराव तणतणत माझ्याकडे. मी म्हटलं, "आवो, समदं गाव थांबून नाव वाचतंय. गेल्या साली कोण थांबलं व्हतं?"

मिशीवरून हात फिरवला. म्हणाले, "ऱ्हाऊ दे मग. दिवाळीपर्यंत."

*

पण तिचे सर! पुण्याहून नवेच आलेले. त्यांना तन्वीने फ्लेक्सचा फोटो दाखवला. ते म्हणाले, "ही अक्षरं नाहीत, फरशी आहे. संपतरावांना सगळा गाव ओळखतो, म्हणून नाव वाचता येतं. अनोळखी माणसाने, कुणी न सांगता, जाता जाता वाचलं पाहिजे. तसं दाखव. नाहीतर प्रोजेक्ट पुन्हा पहिल्यापासून!"

पोरगी ओट्यावर येऊन बसली. बबनने चहा दिला, तो गार झाला. "आबा, वर्ष गेलं माझं."

आमच्या बाथरूमच्या भिंतीला फरशी म्हणतो? म्हणजे ती फरशीच आहे, पण तरी!

*

तेवढ्यात भिवा चहाला आला. भिवा आमच्या डोंगराला मेंढरं चारतो. लोकर कातरली की कळप मिसळू नयेत म्हणून मेंढरांवर रंगाची खूण करतात. भिवा म्हणाला, "माझ्या बी लाल ठिपका, पल्याडच्या कळपाला बी लाल ठिपका. रोज भांडाण! पोरी, माझं नावच घाल की त्यांच्यावर."

माझ्या गुडघ्याच्या एक्स-रेची फिल्म कापून तन्वीने चौकटींचा छापा केला. मेंढरू धरायचं काम माझं. पहिलाच एडका असा उसळला, की छापा बसला माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर. पाठभर 'भिवा'!

कारभारीण म्हणाली, "झ्याक झालं. आता तुमी चुकला तर भिवाच हाकून आणंल!"

*

शेवटच्या तपासणीला सर स्वतः गावात यायचे होते, फ्लेक्स बघायला. मी भिवाच्या कानात सांगितलं, "जरा रस्त्यानं आण रं छापलेली मेंढरं." तन्वीला पत्ता नाही. ती सकाळपासून ओट्यावर नखं खात बसलेली.

सरांची गाडी वळणावर आली आणि मेंढरांत रुतली. पुढे मेंढरं, मागे मेंढरं, दोन्ही दारांना मेंढरं. हॉर्नवर हॉर्न! भिवा पार पुढे, पाठ करून, घोंगडं खांद्यावर, आपल्याच नादात. सरांनी त्याला जन्मात पाहिलेलं नाही.

सरांनी काच खाली केली. डोकं बाहेर काढलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि तापून ओरडले, "ओ भिवा! अहो भिवा, मेंढरं बाजूला घ्या ना!"

तन्वीने माझं मनगट असं आवळलं की बोटं रुतली.

भिवा वळला. गाडीपाशी आला, हात जोडले.

"घेतो की सायेब. पर आपली वळख कवाची?"