उघड्या दाराबाहेर

तूर भरडतानाचा वास ज्याला ठाऊक नाही, त्याला तो सांगून कळायचा नाही. तेलाचा हात फिरवून उन्हात वाळवलेल्या तुरीचा तो कोरडा, किंचित कडवट, घशाशी रेंगाळणारा गंध, आणि त्यात चैत्राच्या अखेरीस अंगणभर गळणाऱ्या कडुनिंबाच्या मोहोराची गोडसर लहर मिसळली, की मेडशीच्या आमच्या घरातली एक दुपार माझ्यापुढे उभी राहते आणि मला राग येतो. होय, राग! लहानपणच्या गंधांनी लोकांना गहिवरून येते म्हणतात. माझी या गंधाने आजही कानशिले तापतात.

त्या वर्षी मी नागपूरला कॉलेजात शिकत होतो, किंवा शिकत होतो असे घरी सर्वांना वाटत होते. दिवाळीनंतर हिवतापाने मला पाच आठवडे अंथरुणाला खिळवले आणि परत गेलो तेव्हा माझी हजेरी कमी पडली होती. आजारपणाचे दिवस माफ होत, पण त्यासाठी अर्जावर तर्कशास्त्राच्या प्रोफेसरसाहेबांची सही लागे. एक सही, बस्स! तेवढ्यावर माझे वर्ष अडले होते. तो अर्ज चार घड्या घालून मी सदऱ्याच्या खिशात वागवीत असे आणि रोज दुपारी त्यांच्या खोलीपुढच्या लांब, थंड, दगडी व्हरांड्यात जाऊन उभा राहत असे.

त्यांच्या खोलीचे दार सदैव उघडे असायचे, हे मी कबूल करतो. आत भिंतभर पुस्तके, टेबलावर हिरव्या काचेचा दिवा, आणि त्यामागे कोट-कॉलरातली ती गोरी, रुंद कपाळाची मूर्ती काही वाचीत बसलेली. वर्गात ते फर्डे इंग्रजी बोलत. आम्ही नव्वद मुले ते उतरवून घेत असू आणि तास संपताच ते निघून जात. नव्वदांपैकी एकाचे तरी नाव त्यांना ठाऊक होते की नाही, देव जाणे. बॅरिस्टर-वकिलांची मुले बूट वाजवीत त्यांच्या दारापर्यंत जात, चौकटीवर दोन टिचक्या मारीत, इंग्रजीत परवानगी मागत आणि आत शिरत. मी मात्र वहाणा काढून हातात धरून उंबऱ्याबाहेर उभा. आमच्याकडची रीतच तशी. थोराच्या खोलीत आपण होऊन शिरायचे नाही. पायातले काढून दाराशी उभे राहायचे, थोराची नजर वर गेली की तो म्हणतो, 'ये', आणि मग जायचे. घरच्या मुलापासून परक्या वाटसरूपर्यंत सर्वांना हीच रीत, आणि आमच्या गावात या रीतीने कुणी अर्ध्या घटकेपेक्षा जास्त ताटकळल्याचे मला आठवत नाही.

मी चार दिवस ताटकळलो. साहेबांची नजर वर जाई, माझ्यावरून फिरे, दाराशेजारी स्टुलावर बसलेल्या चपराशावर जाई आणि पुन्हा पुस्तकात बुडे. 'ये' हा एका अक्षराचा शब्द, पण तो काही त्या तोंडून निघेना! चौथ्या दिवशी अर्जाची मुदत संपली. परीक्षेला बसणाऱ्यांच्या यादीत माझे नाव आले नाही. मी गुपचूप गावी आलो आणि परीक्षा कशी गेली असे बाबांनी विचारले तेव्हा म्हणालो, 'बरी गेली.'

आता बाबांना मी काय सांगायला हवे होते आणि काय नाही, याची उठाठेव वाचकांनी करू नये. ती मी पुष्कळ केली आहे. ज्या माणसाने निकाल लागला की साऱ्या मेडशीला जेवण घालायचे ठरवून ठेवले होते, त्याच्यापुढे मी हे कसे बोलणार होतो? रोज सकाळी उठायचे, आज सांगू म्हणायचे आणि रोज संध्याकाळी कुठल्या तरी बांधावर जाऊन एकटेच बसायचे, असा माझा तो सबंध चैत्र गेला.

आणि अशा एका दुपारी अकोल्याहून वाशिमला जाणारी सर्व्हिसची मोटार मेडशीच्या सडकेवर बंद पडली. असे नेहमीच व्हायचे. उतारू झाडाखाली बसत, आणि बाबा पाण्याची घागर घेऊन सडकेवर जात, कुणी वयस्कर किंवा लेकुरवाळे दिसले तर घरी सावलीत घेऊन येत. मी शेतातून परतलो तेव्हा ओसरीवरच्या बाजेवर पाहुणे बसले होते. कोट खुंटीला, बूट पायरीखाली, हातात ताकाचा गडू. ते प्रोफेसरसाहेब होते!

शिरपूरला थोरल्या बहिणीकडे निघाले होते म्हणे. आणि बोलत काय होते? तूर. यंदा उतारा कसा पडला, रिसोडच्या बाजारात भाव कसा आहे, कपाशीच्या पऱ्हाटीला बोंडअळी लागली का, हे सगळे अस्सल वऱ्हाडीत, मांडी ठोकून, खो खो हसत! "आमचं दुकान रिसोडलेच होतं नं बाप्पा," ते बाबांना सांगत होते, "लहानपनी म्या पोत्यावर बसून तूर मोजली हाय." मी ऐकतच राहिलो. ज्या तोंडातून वर्षभर माझ्या बोलीचा एक स्वर बाहेर पडला नव्हता, ज्या तोंडाच्या धाकाने मी माझे 'मले' आणि 'तुले' दाताखाली दाबून ठेवले होते, ते तोंड माझ्याच ओसरीवर माझ्याच बापाशी असे बोलत होते. मग नागपूरला काय धाड भरली होती? हा माणूस तिथे ही जीभ कुठे ठेवून येत होता? संतापाने माझ्या डोळ्यांत पाणी आले, आणि ते उन्हाने आले असे दाखवीत मी खांबाशी उभा राहिलो.

"हा आमचा पोरगा," माझे नाव सांगून बाबा अभिमानाने म्हणाले. "तुमच्याच कॉलेजात हाय. औंदा परीक्षा देऊन आला."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. कपाळावर आठी पडली. "यादीत याचं नाव... तू बसला होतास परीक्षेला?" हे मात्र शुद्ध, पुस्तकी मराठीत.

मी नाही म्हणालो. दुसरे काय म्हणणार? बाबांचा सुपारी कातरणारा अडकित्ता तसाच अर्धा उघडा राहिला. साहेबांनी विचारले, "काहून?" आणि आमच्या बोलीतल्या त्या एका 'का?'ने माझा बांध फुटला. हिवताप, अर्ज, सही, व्हरांडा, चार दिवस, सगळे मी धडाधड बोलून टाकले.

"अरे, तो तू होतास?" ते खरोखरच चकित झाले होते. "मले वाटलं, चपराश्याच्या गावचं कोनी आलं. अनवानी पाय, वहाना हातात... अरे येड्या, आवाज द्यायचा होता नं! दार तं उघडंच राह्यते."

दार उघडेच राहते! त्यांच्या लेखी तिथेच सारे संपले होते. पाहुणचाराला बट्टा लागू नये म्हणून बाबांनी हसतमुखाने त्यांना वरण-भाकर वाढायला लावली, आग्रह केला, पाय धुवायला पाणी दिले. माझ्याकडे मात्र त्यांनी एकदाही पाहिले नाही.

तिसऱ्या प्रहरी सडकेवरून मोटारीचा भोंगा ऐकू आला. साहेब उठले, कोट चढवला, बूट घातले, आणि घरच्या बाईला सांगून निघावे म्हणून घराला वळसा घालून मागच्या पडवीकडे गेले. मी मागोमाग होतो. पडवीत आई दाराकडे पाठ करून जात्यावर तूर भरडीत बसली होती. जात्याच्या घरघरीत तिला काही ऐकू येण्याजोगे नव्हते. साहेब उंबऱ्याशी थांबले. वाकले. बुटांचे बंद सोडले, बूट काढून बाजूला ठेवले, आणि मोज्यांवर, हात जोडून, मुकाट्याने उभे राहिले.

त्यांनी हाक मारली नाही.

भोंगा पुन्हा वाजला. त्यांनी खाकरण्यासाठी गळ्याशी हात नेला आणि परत खाली घेतला. मला ओरडून सांगावेसे वाटले, द्या नं आवाज, दार तं उघडंच हाय! आईला एक हाक मारणे मला काय जड होते? पण नाही मारली. उभे राहा, म्हटले मनात, तुम्हीही राहा. भोंगा तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. नव्वदांतल्या कुणा एकाकडे पाहावे तसे ते पाहणे नव्हते, आणि त्या गोऱ्या कपाळावर घाम आला होता.

एवढ्यात मूठभर तूर घ्यायला वळलेल्या आईचे लक्ष गेले. "अगो माय! या नं भाऊ, उभे काहून राह्यले?" ती म्हणाली, आणि पदर सावरीत उठली.

सडकेपर्यंत मी त्यांची पेटी घेऊन गेलो. मोटारीत चढताना ते म्हणाले, "जूनमध्ये ये. वर्ष पुन्हा मांडू. मी पाहीन."

"तुमी मले 'ये' म्हनून बलावसान नं?" मी विचारले. त्यांनी तोंड उघडले, पण मोटार हलली आणि पांढऱ्या फुफाट्यात ते काय बोलले, की काहीच बोलले नाहीत, मला कळले नाही.

परत आलो तर बाबा ओसरीवर तसेच बसलेले. अडकित्ता बाजूला. नजर अंगणातल्या मोहोराच्या सड्यावर.

"त्याले नाही बोलला, ते समजलं मले," ते म्हणाले. "तो परका. साहेब मानूस. पन मी कोन होतो रे? माह्याबी दारात उभाच राह्यला तू, महिनाभर?"

ते उठून आत गेले. एवढा वेळ नागपूरच्या त्या व्हरांड्यावर मी ओकत असलेला सगळा संताप माझ्या हातात तसाच राहिला. तो आता कुठे ठेवावा हे मला कळेना. मागे आईचे जाते पुन्हा सुरू झाले होते. मी वहाणा काढल्या आणि बाबांच्या खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन उभा राहिलो. दार उघडे होते. ते पाठमोरे बसले होते. 'ये' म्हणतील म्हणून मी थांबलो, आणखी थांबलो. त्यांनी मागे पाहिले नाही.

मग मी हाक मारली.