एक पदर जास्त

जुना ओव्हन जळाल्यापासून पक्केकाकांचा हट्ट होता, नवा मीच जोडणार. सुनेनं हो म्हटलं आणि दुकानाच्या वायरमनला त्यांच्या दुपारच्या झोपेची वेळ दिली. हात थरथरणाऱ्या सासऱ्यांना नाही म्हणायचा दुसरा मार्ग तिला सुचला नव्हता.

पण बेल वाजली तसे काका उठले आणि स्टूल ओढून स्वयंपाकघराच्या दारातच बसले. नुसता बघतो, म्हणाले.

वायरमननं ओव्हनच्या पाठीवरची पाटी वाचली, मग जुना बोर्ड पाहिला. हा ओव्हन दुप्पट वीज खाणारा आहे, याला मेनपासून वेगळी जाड वायर हवी, अर्थिंग हवं; इथे तर फ्रिज, मिक्सर सगळं एकाच वायरवर, असं त्यानं सुनेला समजावलं. काका मध्येच बोलले. या घरातला फ्यूज चाळीस वर्षांत एकदाही उडालेला नाही.

त्यांचं नावच त्यावरून पडलं होतं. वायरमनच्या धंद्याच्या सुरुवातीला कुणाच्या घरी फ्यूज उडाला की लोक त्यांना जेवणावरून उठवायचे आणि वर कच्चं काम म्हणून टोमणे मारायचे. मग त्यांनी फ्यूजच्या तारेला आणखी एक तार पिळून घालायला सुरुवात केली. जिथे लोड जास्त, तिथे दोन. "एक पदर जास्त टाकलाय, वहिनी. आता निवांत राहा," असं घरातल्या बाईला मायेनं सांगायचे. बोलावणी थांबली. गल्लीनं त्यांना पक्केकाका केलं.

वायरमननं मेन बंद करून फ्यूज उपसला. तार तीनपदरी होती. बोर्ड उघडून त्यानं मागची वायर चिमटीत धरली, तर वरचं रबर शिळ्या बिस्किटासारखं झडलं. आतली भिंत हातभर काळी पडली होती.

"ताई, थोडक्यात वाचलात," तो म्हणाला. "फ्यूज उडायलाच असतो. वायर तापायच्या आत त्यानं मरायचं. हा मरतच नव्हता, म्हणून वायर जळत राहिली. कुणी केलंय हे?"

सून घडी घातलेलं फडकं उलगडून पुन्हा घडी घालू लागली.

"मी," काका म्हणाले.

वायरमन ओशाळला. त्या काळी सगळेच असं करायचे, म्हणाला.

"सगळे नव्हते करत. न करणाऱ्यांना लोक नावं ठेवायचे."

सगळी वायरिंग बदलल्याशिवाय ओव्हन जोडता येणार नाही, असं सांगून तो गेला. ओव्हन खोक्यातच राहिला. काका स्टुलावर बसून बोटांवर काहीतरी मोजत होते. दोन्ही हातांची बोटं संपली, पुन्हा अंगठ्यापासून सुरू झाली. ते घरं मोजताहेत, हे सुनेच्या उशिरा लक्षात आलं. तिनं पुढे केलेला चहा तसाच निवला.

मग ते हत्यारांची जुनी पिशवी घेऊन समोरच्या शिंपीणबाईंकडे निघाले. सून हात धरून बरोबर गेली. तुमचा फ्यूज काढायला हवा, तार चुकीची आहे, माझी चूक झाली, असं त्यांनी दारातच सांगितलं. शिंपीणबाई हसल्या. म्हातारपणी गिऱ्हाईक शोधत फिरताय होय, म्हणाल्या. काकांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. सुनेनंही सांगून पाहिलं. ते फ्यूजपाशी गेले, पण वर केलेला हात इतका थरथरला की शिंपीणबाईंनीच त्यांना धरून खुर्चीत बसवलं.

"तुमच्या कामाला दुसऱ्या कुणाला हातसुद्धा लावू देणार नाही मी," त्या म्हणाल्या, आणि शिवलेल्या कपड्यांवर फिरवायला त्यांनी मोठी इस्त्री लावली.

खोलीतला दिवा मंदावला. क्षणभरानं पुन्हा उजळला.

"बघा," शिंपीणबाई कौतुकानं म्हणाल्या, "उडाला का?"